एका कानाने पाहायचे सिनेमे

आमच्याकडे "एखादा चांगला सिनेमा सांगा" असं कोणी विचारत नाही. विचारतात ते असं: "भाऊ, रात्रीची लाइन हाय, दोन वाजेपावतर जागाचं हाय, पाहासारखं काही हाय काय?" प्रश्नातच सगळं आलं. हाताशी वेळ किती, बसायची जागा कोणती, आणि मुख्य म्हणजे झोप लागता कामा नये. ज्या सिनेमावर पुण्या-मुंबईचे समीक्षक पानंच्या पानं लिहितात, तो हरभऱ्याच्या वावरात मचाणावर घोंगडी गुंडाळून बसलेल्या माणसाला चालेलच असं नाही. मी जे सुचवतो ते त्या माणसाला सुचवतो.

माझं कृषी केंद्र पांढरकवड्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बाजारगावात आहे. बियाणं, खत, औषधं, फवारणीचे पंप, अलीकडे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीनही ठेवतो. समोर एक बाकडं, बाजूला पोत्यांची थप्पी, आणि त्या थप्पीवर बसून राहणारी मंडळी. त्यातले निम्मे काही घ्यायला आलेलेच नसतात. सिनेमाचा नाद मला अमरावतीला शिकायला होतो तेव्हापासूनचा. तेव्हा मेसचे पैसे वाचवून पाहायचो, आता दुकान बंद केल्यावर जेवण झालं की पाहतो आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला सांगतो. नाव लक्षात राहत नाही म्हणून पावतीच्या मागे लिहून देतो. पुढच्या बाजूला पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती मिली, मागच्या बाजूला सिनेमा. एका कास्तकाराच्या बायकोने घरी ती पावती उलटून वाचली आणि पुढच्या बाजाराला येऊन विचारलं, "भाऊ, हे तुंबाड कायच्यावर मारतेत?"

ज्यांच्याकडे जागल नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हिवाळ्यात गहू, हरभरा, तूर वावरात उभी असते. रानडुकरांचा कळप शिरला तर सकाळी नांगरल्यासारखं रान दिसतं. रोही, म्हणजे नीलगाई, आले तर शेंडे खाऊन जातात. म्हणून घरातला एक माणूस रात्री वावरात. त्यात पंपाला वीज रात्रीची असली तर ओलितही त्याच वेळी. आधी लोक डबे बडवायचे, शेकोटी करून शेजारच्या धुऱ्यावरच्याशी, म्हणजे बांधापलीकडच्याशी, बोलत राहायचे. डबे अजून बडवतात, बोलणं मोबाइलने खाल्लं.

पण वावरात मोबाइलवर सिनेमा पाहायचे कायदे वेगळे. तिथे रेंज नसते, म्हणून गावात असतानाच उतरवून घ्यायचा. पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवायचा, नाहीतर डोळे दिपतात आणि मान वर केली तर तुरीत काय हललं ते दिसत नाही. आणि इअरफोन एकाच कानात. दुसरा कान वावराचा. डुक्कर येताना तुरीच्या काड्या मोडतात तो आवाज या दुसऱ्या कानाने ऐकायचा असतो. एवढ्यावरून कळेल की नुसत्या बोलण्यावर चाललेला, चार जण एकदम बोलतात असा सिनेमा तिथे कामाचा नाही. एका कानाने पाहून समजला पाहिजे, आणि मधेच दहा मिनिटं उठून पाणी दुसऱ्या बाऱ्यात वळवून आलो तरी धागा हाताला लागला पाहिजे.

या हिवाळ्यात या कसोटीला सगळ्यांत जास्त उतरला तो "मंजुम्मेल बॉइज". २०२४ चा मल्याळम सिनेमा, हिंदीत डब झालेला आहे. केरळातल्या एका गावची पोरं कोडाईकनालला फिरायला जातात, तिथल्या गुहेत एक जण खोल भेगेत पडतो आणि बाकीचे त्याला सोडून परत जायला तयार होत नाहीत. २००६ साली खरंच घडलेली गोष्ट आहे. गोष्ट एवढीच, त्यामुळे पाणी वळवून आलं तरी पोरगा खड्ड्यातच असतो, काही चुकत नाही. मला स्वतःला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीची रस्सीखेच. लग्नात पोरं पोरं उगाच ताकद दाखवायला दोर ओढतात, तेव्हा वाटतं हे कशाला दाखवून राहिले. शेवटाला त्याच पोरांच्या हातात दोर येतो तेव्हा कळतं. हा सिनेमा मी विहिरीतला गाळ काढायची कामं घेणाऱ्या एका माणसाला सांगितला होता. तो पाहून आला आणि गोष्टीबद्दल एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, "दोर धरणाऱ्याचे पाय बराबर दाखवले. लोक हाताकडं पाह्यतेत. दोर पायानं धरा लागते." मी तो सिनेमा पाय पाहण्यासाठी परत लावला. त्याचं बरोबर होतं.

"तुंबाड" जागलीवर पाहू नका. मी पावतीवर लिहिताना हे बजावून सांगतो, तरी एक पोट्टा पाहायला गेला. मचाणावर एकटा, खाली धुकं. सिनेमातली म्हातारी जागी व्हायच्या आतच हा मचाणावरून उतरला आणि घरी येऊन झोपला. डुकरांनी त्या रात्री हरभरा फस्त केला, आणि त्याच्या बापाने सकाळी मला येऊन ऐकवलं. घरी, दार लावून, पावसाळ्यात पाहावा असा तो सिनेमा आहे. २०१८ ला आला तेव्हा फार चालला नाही, २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. याचं आपल्याकडचं एक मूळ फार जणांना माहीत नसतं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलेलं आहे की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना एक गोष्ट सांगितली होती, आणि ती भीती डोक्यातून गेली नाही. ती गोष्ट भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची. म्हणजे कोकणातल्या गावाच्या नावाचा हा सिनेमा, पण त्याची पहिली भीती आमच्या विदर्भातल्या जंगलात लागलेली. ज्याने नागझिऱ्यात रात्र काढली आहे त्याला याचं नवल वाटणार नाही.

हे झाले एका कानाचे. दोन्ही कानांनी, घरच्यांसोबत बसून पाहायचे वेगळे. त्यात मी यंदा ज्याच्या मागे लागलो तो "बलगम".

तो मला सुचवला आमच्या वहिनीने. तिचं माहेर पाटणबोरीकडचं. तिथून तेलंगण हाकेच्या अंतरावर, आदिलाबादला निम्मे नातेवाईक, घरात तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात. २०२३ ला तो सिनेमा आला तेव्हा तेलंगणात गावोगावी चौकात पडदा लावून लोकांनी पाहिला, बाया पदर तोंडाला लावून रडल्या, हे तिने माहेराहून आल्यावर सांगितलं होतं. मी म्हटलं, रडका असेल, पाहू कधीतरी. ती म्हणाली, "भाऊजी, त्यात कावळा हाय. तुमी पाहाच." एवढ्यावर मी पाहायला घेतला. सुचवावं कसं, तर असं. गोष्ट सांगितली नाही, कोण नट आहे ते सांगितलं नाही, नुसता कावळा हातात दिला.

बसलो सगळे. आई बाजेवर, पोरं खाली, वहिनी मधोमध, कारण भाषा तिलाच येत होती. खालच्या इंग्रजी ओळी वाचत बसण्यापेक्षा तिचं ऐकणं बरं पडत होतं. ती भाषांतर करता करता आपलं मतही देत होती. "हा म्हणते की माझं कर्ज फिटत नाही... लबाड हाय हा, पुढं पाहा." गोष्ट अशी की एका तरुणाच्या डोक्यावर कर्ज आहे, साखरपुडा होऊन हुंड्याचे पैसे हातात आले की ते फेडू असा त्याचा हिशेब, आणि ऐन वेळी आजोबा मरतात. म्हातारा चांगला, हसतखेळत गेलेला. सुतकात घर भरतं, वीस-वीस वर्षं न बोललेली माणसं एका ओसरीवर येतात, आणि पिंडाला कावळा शिवत नाही. तिसऱ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही. गाव म्हणतं, म्हाताऱ्याच्या मनात काहीतरी राहिलं.

ते काय राहिलं हे शोधत गेलं तर भांडणाचं मूळ निघतं मटणातली नळी. जेवणाच्या पंगतीत जावयाच्या ताटात नळीचं हाड पडलं नाही, त्यावर शब्द वाढले, आणि जावई पाय ठेवेनासा झाला. शहरातल्या माणसाला हे विनोदी वाटेल. आमच्या घरात कोणी हसलं नाही. आई बाजेवर उठून बसली आणि म्हणाली, "तुयाच बाबाच्या आत्याच्या घरी असंच झालं होतं, तिथं लाडवावरून झालं होतं." मग सिनेमा थांबवून आधी लाडवाचं भांडण ऐकावं लागलं. कोणाच्या लग्नात, कोणत्या व्याह्याला मोतीचुराऐवजी बुंदीचा लाडू गेला, तो ताटावरून कसा उठला, मांडवाबाहेर कोण कोण मनवायला गेलं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ज्या घरी आम्ही का जात नाही असं लहानपणी विचारायचो त्याचं उत्तर असं सिनेमा थांबवून मिळालं.

वेणू येलदंडी हा त्याचा दिग्दर्शक आधी विनोदी कामं करणारा नट. ते जाणवतं. मरणघरातली माणसं कशी एका डोळ्याने रडतात आणि दुसऱ्या डोळ्याने चहा कोणाला आधी गेला ते पाहतात, हे त्याने सोडलेलं नाही. दुःख म्हणून नुसतं दुःख दाखवायचा मोह फार लोकांना होतो. शेवटाला गावोगाव गाणी म्हणत फिरणारं एक जोडपं मेलेल्या माणसाचं गाणं म्हणतं, ते तिथले खरे लोककलावंत आहेत, नट नाहीत. तिथे वहिनीने भाषांतर बंद केलं. कोणी मागितलंही नाही.

सिनेमा पाहून आमचं आणि त्या घरचं बोलणं सुरू झालं, असं काही झालेलं नाही. लाडवाचं भांडण आहे तसंच आहे. पण हा सिनेमा मी आता ज्याच्या घरी वाटणीवरून अबोला आहे त्याला हटकून सांगतो, म्हणजे गावातल्या जवळपास प्रत्येकाला. तेलुगू येत नाही ही अडचण सांगतात. मी म्हणतो, कावळा मराठीच आहे.

दुकानातल्या बाकड्यावर भांडण लावायचं असेल तर मात्र "शेरनी" काढावा. अमित मसुरकरचा, २०२१ चा, विद्या बालन वन अधिकारी आहे. शूटिंग मध्य प्रदेशातलं, गोष्टीत कोणत्याही खऱ्या वाघिणीचं नाव नाही, तिथली वाघीण टी-१२. पण आमच्या बाकड्यावर बसलेल्या कोणालाही विचारा, तो म्हणेल ही आपली टी-१. अवनी. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली. तेरा माणसं मारल्याचा ठपका तिच्यावर होता. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत माणसं टोळीने वावरात जायची आणि उन्हं कलायच्या आत घरी. तो काळ इथे कोणी विसरलेलं नाही, आणि कोणाचंच मत बदललेलं नाही.

म्हणून हा सिनेमा दोघांनी एकत्र पाहिला की वाद ठरलेला. एक पोरगा, यवतमाळला शिकायला आहे, म्हणतो जंगल तिचं होतं, आपण घुसलो. दुसरा, ज्याचं वावर जंगलाला लागून आहे, तो त्याला एवढंच विचारतो, "तू गेलता काय तवा वेचाले?" यावर पोरगा गप्प बसतो, पण पटत नाही, आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा तेच. मी मधे पडत नाही. दोघंही गिऱ्हाईक.

सिनेमा म्हणून माझं मत विचाराल तर मला त्यातलं जंगलापेक्षा बैठकीचं चित्रण जास्त पटलं. सभेत दोन पुढारी वाघिणीवरून एकमेकांवर ओरडतात आणि ज्यांच्या घरचा माणूस गेला ते मागे उभे असतात, हे अगदी पाहिल्यासारखं आहे. आणि पहिलंच दृश्य. जंगलातून काहीतरी चार पायांवर चालत येतं, आपला श्वास अडकतो, आणि दिसतो तो वनखात्याचा माणूस, कॅमेरा नीट लागला की नाही ते रांगून पाहणारा. बाकड्यावरचे यावर इतके हसले की मला दोनदा मागे न्यावं लागलं. खरी गोष्ट तर सिनेमापेक्षा पुढे गेली होती. त्या वाघिणीसाठी हत्ती आणले, पॅराग्लायडर आणलं, इटालियन जातीची शिकारी कुत्री आणली, तिला भुलवायला परदेशी अत्तर शिंपडलं. हे सगळं त्या वेळच्या पेपरात आलेलं आहे. हे कोणी पटकथेत लिहिलं असतं तर आमच्या थप्पीवरचा पहिला माणूस म्हणाला असता, काय फेकून रायला बे.

"कोर्ट" मी एकाला सुचवला होता, ज्याची धुऱ्यावरून शेजाऱ्याशी केस चालू आहे. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा. लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून खटला चालवतात. शाहिराचं काम केलेले वीरा साथीदार आमच्या नागपूरचे, चळवळीतले, २०२१ मध्ये करोनाने गेले. हे सगळं मी त्या गिऱ्हाइकाला मोठ्या प्रेमाने सांगितलं. तो पाहून आला आणि म्हणाला, "दोन तास पाह्यलं भाऊ, अन् भेटली काय, त तारीख. ते त मले फुकटात भेटते." माझ्या मते त्या सिनेमाची याहून चांगली समीक्षा कोणी लिहिलेली नाही.

मलाही लोक सुचवतात, नाही असं नाही. त्यात निम्मे सिनेमे हिंदीत डब केलेले, ज्यात एक माणूस नुसत्या नारळाने वीस जणांना झोपवतो. "तुमी निस्ते रडके पाह्यता भाऊ, हे पाहा." पाहतो. एखाद्यात मजाही येते. पण ते सुचवणाऱ्याला नाव आठवत नसतं. "तो नाई का, ज्यात तो ट्रॅक्टर उचलते" एवढ्या खुणेवरून शोधायचा म्हणजे मूळ सातबारा न पाहता जमीन मोजण्यासारखं आहे. ट्रॅक्टर उचलणारे बरेच निघाले.

"नाळ" बद्दल वेगळं सांगायला पाहिजे. २०१८ चा, सुधाकर रेड्डी यक्कंटी या मूळ तेलुगू माणसाने केलेला. चैत्या नावाचं आठ-नऊ वर्षांचं पोरगं, नदीकाठचं गाव, आणि आपली आई खरी आई नाही हे त्याला कळणं. चैत्याचं काम करणारा श्रीनिवास पोकळे अमरावतीचा. त्याला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि दुसऱ्या भागासाठी पुन्हा. आमच्याकडे हा सिनेमा पाहिलेल्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती पुरस्काराची नाही. "आपल्यासारखं बोलते तो." इतकी वर्षं मराठी सिनेमात आमच्यासारखं बोलणारा म्हणजे घरगडी, नाहीतर हवालदार, नाहीतर हसवायला आणलेला पाहुणा. इथे आईही तसंच बोलते, बापही तसंच बोलतो, आणि ते बोलणं हसण्यावारी नेलेलं नाही. देविका दफ्तरदार ही त्यात पोराला वाढवणारी आई. पोरगं बदललं आहे हे तिला कळतं, का बदललं ते विचारता येत नाही, आणि ती भाकरी थापत राहते. तिच्या पाठीकडे पाहा. ज्यांच्या घरात लहान पोरं आहेत त्यांनी पोरांसोबत पाहावा, पण नंतर जे प्रश्न येतील त्याची तयारी ठेवावी. आमच्या धाकटीने आठवडाभर तिच्या जन्माच्या दाखल्याचा पिच्छा पुरवला.

आणि आता तो सिनेमा, जो मी सगळ्यांत जास्त पावत्यांवर लिहिला आणि जो सगळ्यांत कमी लोकांनी पाहिला. "गाभ्रीचा पाऊस". सतीश मनवर यांचा, २००९ चा. नावातच आमच्याकडची शिवी आहे. रॉटरडॅमच्या महोत्सवात तो गेला, आमच्या तालुक्याच्या टॉकीजला लागलेला काही मला आठवत नाही, आणि आता त्या टॉकीजच्या जागी लग्नं लागतात.

गोष्ट इथलीच. शेजारच्या कास्तकाराने जीव दिला. किसना, म्हणजे गिरीश कुलकर्णी, त्याच्यावरही कर्ज, त्याचाही पाऊस लांबलेला. त्याची बायको अलका, सोनाली कुलकर्णी, हिच्या मनात भीती बसते की आपला नवराही तसंच करेल. ती त्याला विचारत नाही. पोराला त्याच्या मागे लावून देते, जिथे बाप तिथे पोरगं. सासूलाही नजर ठेवायला सांगते. आणि घरात गोडधोड करायला लागते, त्याच्या आवडीचं, ऐपत नसताना. किसनाला कळतच नाही की आपल्या मागे पोरगं का फिरतं आणि रोज ताटात हे सगळं का येतं. यातून इतकं हसू येतं की मला पहिल्यांदा पाहताना अपराध्यासारखं वाटलं होतं.

हे असं समजावून सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत. "रोजचंच हाय ना ते भाऊ. नेट जाळून तेच पाहाचं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. शहरातल्या माणसाला हा सिनेमा माहिती देतो. इथल्या माणसाला माहिती नको आहे, त्याला रात्री दोन तास दुसरीकडे जायचं आहे. शेतकऱ्यावरचे सिनेमे शेतकरी का पाहत नाहीत असं विचारणाऱ्यांनी एकदा उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाची वेचणी संपल्यावर, हाती पैसा किती आला ते कळल्यावर, आमच्या बाकड्यावर येऊन बसावं.

तरी या वर्षी एका नवरा-बायकोने पाहिला. कापूस निघून गेला होता, पऱ्हाटी उपटायची बाकी होती, हाताला जरा सवड होती. नवरा बाजाराला आला तेव्हा मी विचारलं. तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, नट चांगला आहे, पण चालणं शहरातलं आहे, ढेकळातून असं कोणी चालत नाही, पाय मुरगळेल. आमच्याकडे सिनेमाची परीक्षा अशीच होते. वखर धरणारा हात, बैलाला हाकारायचा आवाज, विळा खोवायची जागा, हे चुकलं की पुढचं काही खरं वाटत नाही. मी म्हटलं, चालणं सोडा, सिनेमा कसा वाटला? तो म्हणाला, "बरा हाय."

बायको वांग्या-टमाटरचं बी घ्यायला आली ती त्यानंतर, एकटी. तिला मी काही विचारलं नव्हतं. पुड्या पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "त्या बाईनं केलं ते आमी बी केलं हाय, दोन साल आधी. यायले अजून मालूम नाई." आणि सुटे पैसे मोजून घेतले.

मी गडबडीत तिला विचारलं, आता काही हसायचं सांगू का. ती म्हणाली सांगा. म्हणून पावतीमागे "लापता लेडीज" लिहून दिला. किरण रावचा, २०२४ चा, रेल्वेत घुंगटामुळे दोन नवऱ्या अदलाबदल होतात तो. हसायला येतं, कोणी मरत नाही, आणि छाया कदमने स्टेशनवरच्या टपरीवालीचं काम केलं आहे ते पाहून आमच्या बाजारातल्या दोन-तीन बाया आठवतात. त्यात एक अडचण आहे, ती माझ्या धंद्याची. त्यातल्या एका नवरीला जैविक शेती शिकायची असते. पोरगी हुशार, ठसक्यात बोलते, पिकावरच्या किडीबद्दल तिला घरातल्या गड्यांपेक्षा जास्त कळतं, आणि प्रेक्षक तिच्याच बाजूने होतो. मीही झालो होतो.

मागच्या बाजाराला ती बाई आली. सिनेमा आवडला म्हणाली, नवरा तर मोठमोठ्याने हसत होता म्हणाली. मग काउंटरवर हात ठेवून विचारलं, "भाऊ, निंबोळी अर्क हाय काय तुमच्याकडं?"

नव्हता. मागवला आहे.